भैरोबाला विचारलेला प्रश्न

निवृत्तीनंतर तळेगावात घरी बसून नुसती कुरकुर करण्यापेक्षा बरं, म्हणून मी शनिवारी टाकव्याच्या शाळेत जायला लागले. दहावीच्या मुलांना पुढच्या वाटा दाखवायच्या, एवढंच काम. पहिल्याच दिवशी विचारलं, "पुढे काय करणार?" मुलगे एका सुरात म्हणाले, "कंपनीत." कुठल्या कंपनीत, काय काम, पत्ता नाही. मुली म्हणाल्या, "घरचे म्हणतील ते." माझं डोकं तापायला एवढं पुरतं. मी फळ्यावर डस्टर आपटून म्हटलं, "पोरींनो, शिकायला जाऊ का, असं घरी विचारूच नका. कसं जाऊ, ते विचारा!" मुली हसल्या, आणि मीही ते विसरून गेले.

त्यांच्यातल्या एकीला जमीनमोजणीचं वेड होतं. मावळात जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून गावात सारखी मोजणी चालू असते आणि बांधावरून सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत. मोजणीवाले आले की ही टेपचं दुसरं टोक धरायला हजर. मी तिला सिव्हिलचा डिप्लोमा सुचवला. निकाल लागला, मार्क छान पडले. पण तिच्या घरात शब्द चालायचा आजोबांचा, आणि आबांनी फर्मान काढलं, आधी भैरोबाला कौल लावायचा.

म्हणजे देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओली फुलं चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवं फूल पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. पोरीचं कॉलेज एका फुलावर टांगलेलं! मी तावातावाने त्यांच्या घरी गेले.

"आबा, मार्क हिने मिळवलेत. त्यात देवाला कशाला घालता?"

"बाई, तुमचं खरं हाय. पर घर बांदलं, हीर खांदली, समदं इचारून केलं. नातीच्या जल्माचं काम तेवढं न इचारता करू व्हय?"

तेवढ्यात नात दारातून म्हणाली, "आबा, काम माजं हाय, तर कौल मी लावनार."

"लाव की. ज्याचं काम त्यानंच इचारायचं असतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही देवळात जमलो. गुरवाने फुलं लावली. तिने हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "देवा, उजवा दिलास तर रोज यष्टीनं कॉलेजला जाईन. डावा दिलास तर तळेगावात मावशीकडं राहून जाईन."

गुरव आबांकडे बघायला लागला. आबा गडबडले. "आगं, जायाचं का न्हाई ते आदी इचार की!"

"आता कसं? देवाम्होरं बोललेलं माघारी घेत्यात व्हय, आबा?"

आबांनी मुकाट्याने देवापुढे हात जोडले. मला माझा शनिवारचा वर्ग आठवला आणि हसू आवरेना. आयुष्यभर शिकवलं, पण माझं वाक्य कुणी इतक्या हुशारीने वापरलं नव्हतं.

बराच वेळ काहीच हललं नाही. मग फूल पडलं. डावं.

डावं म्हणजे नकार, हे इतकं डोक्यात बसलं होतं की तिचा प्रश्न आठवायलाही क्षणभर लागला. आबा त्या फुलाकडे बघतच राहिले. त्यांनी ठरवलेला प्रश्न विचारला असता तर आज काय झालं असतं, हे देवळातल्या प्रत्येकाला कळलं होतं. आता म्हातारा भडकणार, अशी माझी खात्री होती, आणि मी भांडायला पदर खोचून तयार होते.

आबांनी वाकून फूल उचललं, कपाळाला लावलं आणि नातीच्या ओंजळीत ठेवलं.

"मावशीला इचारलंयस का?"

"कवाच."

"मंग कापडं भर."