आमच्या बँडचं लंडन कनेक्शन

दिंडोरीजवळच्या एका वायनरीने आम्हाला रविवारच्या कार्यक्रमाला बोलावलं, तेव्हा तिथल्या मॅनेजरने फोनवर एकच गोष्ट मागितली. बँडचा इतिहास. पाच ओळी, पत्रकात छापायला.

आमच्या बँडला इतिहास नव्हता, नुसती तीन माणसं होती. मी शाळेत भूगोल शिकवते आणि बेस गिटार वाजवते. ड्रमर द्राक्षबागांना लागणारी औषधं विकतो. त्याच्याच गोदामात, पोत्यांच्या आणि पिंपांच्या मधल्या जागेत आमचा सराव चालतो, त्यामुळे आमच्या कपड्यांना कायम गंधकाचा वास. गाणारा आणि गिटार वाजवणारा मनमाडला रेल्वेत नोकरीला आहे. रोजचं अप-डाऊन असल्यामुळे कुठलंही गाणं तो गाडी चुकणार असल्यासारखं म्हणतो. तिघांनीही चाळिशी ओलांडलेली. दुसऱ्यांची इंग्रजी गाणी आम्ही वाजवायचो आणि लोकांना ती बऱ्यापैकी ओळखू यायची.

इतिहास लिहायचं काम ड्रमरने अंगावर घेतलं. दोन दिवसांनी त्याने आमच्या ग्रुपवर मजकूर टाकला. पहिलीच ओळ होती, ‘लंडनच्या सुरुवातीच्या पंक रॉक चळवळीशी थेट नातं असलेला नाशिकचा एकमेव बँड.’

सरावाला भेटल्यावर मी विचारलं, “हे काय लिहिलंयस?”

“खोटं आहे का?” ड्रमर गिटारवाल्याकडे बोट दाखवत म्हणाला. “याची मावशी त्याच काळात लंडनला होती.”

“अरे, ती नर्स होती,” गिटारवाला कळवळून म्हणाला.

“पण पंकवाले तिच्या खोलीखाली वाजवायचे, हे तूच सांगितलंस ना?”

“तिला त्यांचा वैताग यायचा, एवढंच सांगितलं होतं मी.”

“मग आणखी किती थेट नातं पाहिजे?”

भांडून उपयोग नव्हता, मजकूर मॅनेजरकडे गेलासुद्धा होता. संध्याकाळी त्याचा उलट फोन आला. फारच भारी इतिहास आहे म्हणाला, मावशींनाच घेऊन या, सुरुवातीला दोन शब्द बोलतील. आता मावशींना विचारणं भागच होतं.

मावशी नाशिकरोडला राहतात, एकट्या. सत्तरी ओलांडलेल्या, मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. दार उघडून “जय भीम, या” म्हणाल्या, आणि लगेच नाक आक्रसून, “चपला बाहेरच काढा. आणि तो फवारणीचा शर्ट कुणाचा आहे, त्याने खिडकीजवळ बसावं.”

ड्रमर मुकाट्याने खिडकीजवळ बसला आणि त्याने मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

“तेवीस-चोवीस वर्षांची होते मी,” मावशी सांगू लागल्या. “रात्रपाळी करून सकाळी खोलीवर यायचे, दोन घास खाऊन झोपायचे. अकराच्या सुमारास खाली तळघरात ती चार पोरं सुरू व्हायची. गाणं दीड मिनिटाचं, पण तेच चाळीस वेळा.”

“बँडचं नाव काय होतं?” ड्रमरने खिडकीजवळून विचारलं.

“दर आठवड्याला बदलायचं. एकदा मी जिन्यावरून मराठीतच ओरडले, बंद करा! त्यांना तो शब्द एवढा आवडला की पुढचे दोन आठवडे बँडचं नाव तेच.”

ड्रमरने डोळे मिटून घेतले. लंडनमध्ये ‘बंद करा’ नावाचा पंक बँड होऊन गेला होता आणि हे पत्रकात नव्हतं, याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

“मग एक दिवस मी खाली गेलेच, भांडायला. गाऊनवर स्वेटर, डोक्याला रुमाल बांधलेला. पाहते तर त्यांच्यातल्या एकाने कानात सेफ्टी पिन खुपसलेली. फॅशन! कान सुजून भज्यासारखा झालेला, त्यातून पू येतोय. भांडण राहिलं बाजूला. वरून स्पिरिट आणि कापूस आणला आणि पिन काढली. सगळ्या जगावर चिडलेला तो मुलगा, पण पिन काढताना माझा हात घट्ट धरून बसला होता. आठ दिवस ड्रेसिंग केलं मी त्याचं.”

“म्हणजे तुझी त्यांच्याशी मैत्री झाली?” गिटारवाल्याने विचारलं.

“मला चहा करून द्यायचे. पाणचट. मी एकदा मिरचीचा ठेचा नेला, तर त्या दिवशी पहिल्यांदा चौघंही एका सुरात ओरडले.”

आम्ही हसत होतो. मावशीही हसल्या.

“दुकानातली बाई मला सुटे पैसे हातात द्यायची नाही, काउंटरवर ठेवायची. आमच्या आईने ते गावात पाहिलं होतं, मी विमानाने एवढ्या लांब जाऊन पाहिलं. ड्यूटी सोडली तर महिना महिना माझ्याशी कुणी बोलायचं नाही. त्या तळघरात खुर्ची एकच होती. मी गेले की तिच्यावर जो बसलेला असेल तो उठायचा.” त्यांनी पदर नीट केला. “पुढे पुढे त्यांचा आवाज आला नाही तर मला झोपच लागेना.”

ड्रमरने रेकॉर्डिंग बंद केलं.

“आता तुमचं दाखवा,” मावशी म्हणाल्या. आम्ही मोबाइलवर सरावाचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला, म्हणजे नर्सचा संयम काय असतो ते आम्हाला कळलं.

“छान. हे कुणाचं गाणं?”

आम्ही सांगितलं.

“ते झालं. तुमचं कोणतं?”

ड्रमरने मोबाइल परत खिशात घातला.

“त्या पोरांना सूर कळत नव्हता,” मावशी म्हणाल्या, “पण ज्याचा राग यायचा त्याच्यावर गाणं करायची. घरमालक, बस, बेकारी. तुम्हाला कशाचाच राग येत नाही का?”

“द्वारका!” आम्ही तिघं एकदमच म्हणालो. त्यांच्याकडे येताना द्वारकेच्या चौकात पाऊण तास अडकून आलो होतो.

गाणं तयार व्हायला चार दिवस लागले. पहिला मसुदा माझा होता. त्यात रस्ते कुठून कुठे जातात हे सगळं बरोबर होतं आणि बाकी काही नव्हतं. ड्रमरच्या मसुद्यात ‘योग्य प्रमाणात’ हे शब्द तीनदा आले होते. शेवटी गिटारवाल्याने मनमाडच्या गाडीत बसून एक कडवं लिहिलं:

हिरवा झाला, लाल झाला,
पुन्हा हिरवा झाला,
माझ्यापुढचा टेम्पोवाला
चहा पिऊन आला!

रविवारी ऊन कलल्यावर वायनरीच्या हिरवळीवर कार्यक्रम सुरू झाला. टोप्या घातलेली मंडळी हातात ग्लास घेऊन फोटो काढत होती. मॅनेजरने माइक हातात घेतला आणि ‘लंडनच्या पंक चळवळीतल्या ज्येष्ठ’ अशी ओळख करून दिली. पांढऱ्या साडीतल्या मावशी उभ्या राहिल्या.

“मी कसल्याही चळवळीत नव्हते,” त्या म्हणाल्या. “मी एका मुलाच्या कानातली पिन काढली. पत्रकातलं बाकी सगळं या ड्रमरने लिहिलंय, आणि तो औषधं विकतो.”

लोक खळखळून हसले. ड्रमरने उठून नमस्कार केला, जणू सत्कारच झाला.

आधीच्या तीन इंग्रजी गाण्यांना सभ्य टाळ्या पडल्या. मग द्वारका. गिटारवाला नेहमीप्रमाणे दोन ठोके आधीच सुटला, ड्रमर त्याच्या मागे धावला, मी दोघांच्या मागे. पण टेम्पोवाला आल्याबरोबर समोरून हशा उठला. दुसऱ्यांदा तीच ओळ लोकांनीच म्हटली. एक वेटर ट्रे घेऊन उभाच राहिला. बागेतलं काम संपवून घरी निघालेल्या बायका कुंपणाशी थांबल्या. त्यांचा द्वारकेशी काय संबंध असेल तो असो, टेम्पोवाल्यावर त्याही हसत होत्या. ते गाणं आम्हाला तीनदा वाजवायला लावलं, आणि तिन्ही वेळा आम्ही ते वेगवेगळं चुकलो.

परत निघालो तेव्हा गाडी मी चालवत होते. मावशी मागे त्यांच्या भाच्याशेजारी बसल्या होत्या.

“मावशी, कसं वाटलं?” मी विचारलं.

“त्या पोरांइतकं वाईट अजून जमत नाही तुम्हाला. पण प्रयत्न चांगला होता.”

गिटारवाल्याने विचारलं, “ती पोरं परत भेटली का गं तुला कधी?”

“नाही. मी इकडे आल्यावर दोन-तीन वर्षं नाताळात कार्ड यायचं. मग कुणीतरी घर बदललं, त्यांनी की मी, ते आता आठवत नाही.”

“मला कधी सांगितलं नाहीस.”

“तू कधी विचारलंस?”

मग तो विचारत राहिला. खोली कशी होती, थंडीत काय घालायचीस, जेवायला काय करायचीस. त्या सांगत राहिल्या. ड्रमर पुढच्या सीटवर मान पूर्ण मागे वळवून ऐकत होता. माझं लक्ष रस्त्यावर होतं, त्यामुळे मला अर्धंच ऐकू आलं.