सातव्या मात्रेवरची बांगडी

पालमच्या बसस्टँडसमोर चन्नबसप्पा अप्पांचं मेडिकल आहे. तिथं काउंटरमागे अकरा वर्षं उभी राहणारी शिवकन्या खोकल्याचं औषध किती झाकणं घ्यायचं ते म्हाताऱ्यांना तीन-तीनदा न कंटाळता समजावून सांगायची, आणि दुकान रिकामं झालं की ओढणीखाली कानात इअरफोन घालून परदेशातल्या रॉक आणि मेटलवाल्यांचा गदारोळ ऐकत बसायची. गावात कुणालाच हे माहीत नव्हतं. तिची आई पार्वतीबाई समजायची, पोरगी मन्मथस्वामींचे अभंग ऐकते.

हा नाद लागला तो भाऊ राममुळे. तो इंजिनिअरिंग करून पुण्याला गेला आणि जुनी हार्डडिस्क घरी टाकून गेला. तिच्यात पिंक फ्लॉइड होते, मेटॅलिका होते, ड्रीम थिएटर, ओपेथ, टूल, सगळे बँड. रामचा शौक नोकरी लागल्यावर उतरला, शिवकन्येचा चढला. वडील भजनात तबला वाजवायचे, त्यांच्या मांडीशी बसून ती मात्रा मोजायला शिकली होती. हे गोरे लोक सात मात्रांत गाणं बांधतात हे पहिल्यांदा ध्यानात आलं, तेव्हा ती गोळ्यांचं पाकीट हातात धरून तशीच उभी राहिली होती.

पुढं तिला फोनवर मराठी माणसांचा एक ग्रुप सापडला. दोनशेच्या वर माणसं, पुण्याची, नाशिकची, कोल्हापूरची, आणि सगळ्यांचं एकच काम, भांडणं. सर्वांत थोर बँड कोणता? शिवकन्येनं तिथं नाव घेतलं ‘रूपक’, वडिलांच्या आवडत्या सात मात्रांच्या तालाचं. लोकांना वाटलं रूपक नावाचा कुणी पोरगा असेल. तिनं ते तसंच राहू दिलं. पुरुष समजत होते तोवर तिचं म्हणणं ऐकून घेत होते.

दर डिसेंबरात ग्रुपवर सार्वकालिक दहा बँडची यादी ठरायची. मागच्या डिसेंबरात ‘काळीमाती’ नावाच्या सभासदानं हट्ट धरला की पहिला नंबर ड्रीम थिएटरचाच. त्यांच्याइतका अवघड ताल कुणी वाजवत नाही, म्हणे. हा काळीमाती मोठ्या तयार कानाचा माणूस. कुठल्या गाण्यात ड्रमची कोणती थाळी फुटकी वाजते तेसुद्धा सांगायचा. शिवकन्येला त्याच्याशी भांडायला मनापासून आवडायचं. तिनं लिहिलं, ‘अवघड वाजवणं म्हणजे थोरपण नव्हे. अवघड ताल ऐकणाऱ्याला सोपा वाटला पाहिजे. टूल ते करतात. आमच्या भजनातली माणसंही करतात.’ आणि दुपारी दुकान रिकामं असताना तिनं काउंटरवर बोटांनी रूपक वाजवला, तीन-दोन-दोन, तीन-दोन-दोन, चाळीस सेकंद. तो आवाज रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकला. लोक खूश झाले. त्या दिवशी टूल सहा मतांनी पुढं गेले.

संध्याकाळी तिला काळीमातीचा खासगी निरोप आला. ‘रूपक, मागं गंगाखेडच्या गाडीचा पुकारा ऐकू येतोय. तू तर आपल्याच जिल्ह्यातला निघालास! पालम ना?’

शिवकन्येनं निरोप दोनदा वाचला. ‘नाही, गावाला गेलो होतो’ असं लिहून तिनं फोन उपडा ठेवला.

दोन दिवसांनी दुसरा निरोप. ‘पुन्हा ऐकलं. टेबल लाकडाचं नाही, काचेचं आहे. तू वाजवतोस तेव्हा बारक्या बाटल्या किणकिणतात. डाव्या हाताला फ्रिज आहे, विसाव्या सेकंदाला त्याची मोटर सुरू होते. मेडिकल?’

ज्या कानाचं तिनं इतकं कौतुक केलं होतं, तो कान भिंतीला लावल्यासारखा तिच्या दुकानाला चिकटला होता. तिनं त्याला ब्लॉक केलं. चौथ्या दिवशी दुसऱ्याच नंबरावरून निरोप आला. ‘वाद अर्धा सोडून पळालास? आणखी एक सापडलं. शेवटच्या आवर्तनात, सातव्या मात्रेला बांगडी वाजली. तू बाई आहेस.’

समोर गिऱ्हाईक उभं होतं, ते काय मागतंय ते शिवकन्येला कळेना. घरी गेल्यावर तिनं हातातल्या काचेच्या बांगड्या काढून डब्यात टाकल्या. पार्वतीबाईनं पाहिलं.

“हात भुंडे का गं?”

“टोचायलेत.”

“इतक्या वर्सांत टोचल्या न्हाईत त्या.”

शिवकन्येनं जेवण अर्ध्यात सोडलं.

त्यानंतर येणारा प्रत्येक माणूस तिला तोच वाटायचा. कुणी काउंटरशी जरा रेंगाळलं, कुणी फ्रिजकडं पाहिलं, कुणी नुसतं “ताई” म्हटलं तरी ती दचकायची. इअरफोन तिनं बंद करून टाकले. कान झाकले तर मागून कोण येतंय ते कळणार कसं? अशातच एक दिवस टोपीवाला एक माणूस तिच्याकडं एकटक बघत राहिला, आणि तिनं घाईघाईत म्हाताऱ्या सरजाबाईला बीपीच्या गोळ्यांऐवजी शुगरच्या गोळ्या बांधून दिल्या. टोपीवाल्याला फक्त जुलाबाची पावडर पाहिजे होती. अप्पांनी पाकीट पाहिलं आणि रस्त्यापर्यंत धावत जाऊन म्हातारीच्या हातातून ते परत आणलं.

“शिवकन्या,” अप्पा धापा टाकत म्हणाले, “अकरा वर्सांत तुझ्या हातून एक गोळी इकडची तिकडं झाली न्हाई. काय झालंय ते मला सांग.”

तिचा बांध फुटला. तिनं सगळं सांगितलं. फोनसुद्धा पुढं केला. त्यात सकाळीच आलेला निरोप होता, ‘गुरुवारी पालमला येतो. ओळखशील ना?’

अप्पांना पहिल्यांदा काही उमगेना. “बँड म्हंजे? लग्नातला?”

“न्हाई अप्पा. ते राहू द्या. ह्या मानसानं मला हुडकून काढलंय, एवढं खरं.”

“पोलिसात जाऊ.”

“सगळ्या गावात व्हईल. मेडिकलवाल्या पोरीचं फोनवर लफडं हाय म्हनतील. आईला कुठं तोंड दाखवू?”

अप्पांनी बराच वेळ टकलावरून हात फिरवला. “बरं. गुरुवारी तू घरी बस.”

“मग तो शुक्रवारी येईल,” शिवकन्या म्हणाली. “अप्पा, त्याचं तोंड मला बघायचंय. तोंड दिसत न्हाई म्हनून लय भेव वाटायलंय.”

गुरुवारी अप्पांनी आपली खुर्ची उचलून काउंटरच्या आत मांडली. शेजारच्या हॉटेलवाल्या परमेश्वरला कारण न सांगता दुकानासमोर बसायला सांगितलं. दहा वाजले, अकरा वाजले. शिवकन्या तळहात सारखे ओढणीला पुसत होती. साडेअकराच्या सुमारास चष्मा लावलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला चाळिशीचा एक माणूस आला. त्यानं काहीच मागितलं नाही. काचेवर बोटं ठेवली आणि वाजवलं, तीन-दोन-दोन. आतल्या बाटल्या किणकिणल्या.

“बगा,” तो हसत म्हणाला, “मी म्हनलो व्हतो ना काच हाय म्हनून?”

शिवकन्येनं मागच्या कपाटाला पाठ टेकवली.

“मी महारुद्र. वालूरचा. गणिताच्या शिकवण्या घेतो. ताई, पंधरा वर्सं झाली, ह्या जिल्ह्यात एका मानसाशी ह्या विषयावर तोंडानं बोललो न्हाई. तुमच्या तालामागं गाडीचा पुकारा ऐकला आन् राहवलं न्हाई.”

त्याच्या डोळ्यांत पाणी तरळत होतं. शिवकन्येला ते दिसलं, तरी ती कपाटापासून हलली नाही.

“मी ब्लॉक केलं व्हतं,” ती म्हणाली. “तरी तुमी दुसरा नंबर घेतला.”

“वाद अर्धा राहिला व्हता ना.”

“सोळा दिवस झाले मला भाकर गोड लागली न्हाई. एका म्हातारीला चुकीचं औषध दिलं. तिच्या पोटात गेलं असतं तर?”

“भ्यायचं काय त्यात? मी काय केलंय तुमाला?”

ह्या प्रश्नावर मात्र ती कपाटापासून पुढं आली. “तुमी गाव, दुकान, बांगडी, सगळं हुडकलं,” ती म्हणाली. “एक गोष्ट मला इचारली न्हाई. भेटायचंय का म्हनून.”

महारुद्रानं काचेवरची बोटं उचलली. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात अप्पा उठले. “गाडी लागलीय बाहेर. पुन्हा हिकडं दिसायचं न्हाई. तुमचे दोन्ही नंबर सोनार गल्लीतल्या वकिलाकडं दिलेत मी.” ते साफ खोटं होतं, पण अप्पांनी सांगितलं असं की शिवकन्येलाही खरं वाटलं. परमेश्वर दारात येऊन उभा राहिला. महारुद्र गाडीत बसेपर्यंत तिघंही बघत होती. त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

त्या दिवशी शिवकन्येनं ग्रुपवर घडलं ते सगळं लिहिलं, खाली स्वतःचं खरं नाव घातलं. तिघांनी लिहिलं, एवढ्याशा गोष्टीचा बाऊ करू नये. एकानं लिहिलं, बायकांना मेटल कळत नाही हे आता कळलं. पण ग्रुप चालवणाऱ्यानं काळीमातीला काढून टाकलं, आणि तासाभरात संघप्रिया नावाच्या एका बाईचा निरोप आला. ती नांदेडची, चार वर्षं ‘संजय’ नावानं भांडत होती.

घरी शिवकन्येनं आईला पहिल्यांदा सगळं सांगितलं. पार्वतीबाई सुपातले दाणे निवडत ऐकत राहिली.

“मानूस वाईट नव्हता वाटतं, आई. एकटा व्हता.”

“नसंल वाईट,” पार्वतीबाई म्हणाली. “पन तुला भेव वाटलं का न्हाई?”

“लय.”

“मग त्याच्या एकटेपनाची फिकीर तू कशाला करायलीस?”

ग्रुपची यादी यंदाही निघाली. शिवकन्या टूलच्या बाजूनं भांडली, नुसतं लिहून. आवाज तिनं पुन्हा कधी पाठवला नाही. दुकान बंद करून घरी जाताना ती आता गल्लीच्या तोंडाशी थांबते, मागं बघते, आणि मगच आत वळते.