माठाजवळची जागा

सुप्यात कारखान्यांच्या मागं, पत्र्याच्या खोलीत एक बाई कामगारांच्या डब्यांसाठी भाकरी करतात. उन्हाचा माणसांच्या तब्येतीवर काय परिणाम होतो, याची माहिती घ्यायला मी दर सोमवारी त्यांच्याकडे जायचे. प्रश्न त्यांच्याविषयी असायचा, उत्तर मात्र कायम दुसऱ्याच कुणाचं.

“चक्कर येते का?”

तव्यावरची भाकरी उलटत त्या म्हणायच्या, “कोंबड्यांना लई तरास हुतोय, ताई.”

“झोप लागते?”

“आमच्या ह्यांना न्हाई लागत.”

वस्तीतल्या इतर काही खोल्यांसारखंच तापमान नोंदवणारं यंत्र मी त्यांच्याही भिंतीवर टांगलं होतं. मे महिन्यात आकडे काढले, तर सगळ्या वस्तीत यांचीच खोली गार! न कळवता गुरुवारीच गेले. भिंतीवर नुसता खिळा. यंत्र कोपऱ्यात, माठाच्या ओल्या फडक्याला टेकवून ठेवलेलं.

“तुमची महागाची वस्तू, तापून बिघडली म्हंजी? सोमवारी तुमी यायच्या आत परत टांगते की.”

दोन महिन्यांच्या नोंदी वाया गेल्या होत्या. पण रागावणार कुणावर? खोलीतली एकुलती एक गार जागा त्यांनी माझ्या यंत्राला दिली होती, आणि स्वतः चुलीपुढं बसल्या होत्या.