सुपरहिरोचा डावा पंजा

मी मंचरला एका शाळेत चित्रकला शिकवते आणि माझ्या घरच्या कपाटात सुपरहिरोंच्या फिगर, म्हणजे वीतभर उंचीचे पुतळे, आहेत. लहान मुलांनी आपटायची खेळणी नव्हेत ती. कोपर, गुडघे, मनगटं सगळी माणसासारखी वाकतात, चेहरे आणि पंजे काढून दुसरे लावता येतात. हौशी लोक त्या जपून ठेवतात. बाजारात डुप्लिकेट भरपूर, त्यामुळे ओळखीचे लोक विकत घेतलेली फिगर मला दाखवायला आणतात.

माझं माहेर पिंपरी पेंढारला. धाकटा भाऊ तिथं कांदा आणि टोमॅटो करतो. आजोबांच्या काळात घरात मोठा कळप होता, आता आईच्या हौसेपुरती चार-पाच मेंढरं उरलीत. टीव्हीवर हिंदी बोलणारे सुपरहिरो आम्ही दोघांनी एकाच चटईवर बसून पाहिले, त्यामुळे हे वेड त्यालाही आहे. गेल्या हिवाळ्यात त्यानं फोनवरून कुणा अनोळखी माणसाची जुनी फिगर मागवली आणि खोकं हातात पडल्यावर त्याच्या मनात पाल चुकचुकली.

"ताई, येऊन बघ जरा. फसलो का काय, ते सांग."

रविवारी दुपारी गेले. पडवीत उजेड चांगला, म्हणून आईनं तिथंच घोंगडी अंथरली. भावानं खोकं उघडलं. आत प्लॅस्टिकचा ट्रे, त्यात प्रत्येक भागासाठी त्याच आकाराची खाच. मी एकेक वस्तू काढून घोंगडीवर मांडत गेले. मिटलेल्या मुठी, बोटं फाकलेले पंजे, दोर धरायचे हात, एक शांत चेहरा आणि एक दात-ओठ खाणारा.

"बाई गं, येवढे हात!" आई म्हणाली. "आन् मानूस एकच?"

मी फिगरला एका पायावर उभं केलं. डुगडुगली नाही. गुडघ्याचा सांधा ना सैल ना करकरणारा. मुखवट्याच्या कडेला रंग कुठं फुटला नव्हता. पंजाला मागं बारीक खुंटी असते, ती मनगटाच्या भोकात बसते. डुप्लिकेटमध्ये ही खुंटी हमखास जाड असते, बळ लावलं की मोडते. इथं ती अलगद बसत होती. मी तो दात-ओठ खाणारा चेहरा मानेवर बसवून पाहिला, तेवढ्यात मळ्यातून शेजाऱ्यांची हाक आली. मेंढरं सुटून कांद्याच्या रोपात घुसली होती. भाऊ, आई आणि मी, तिघंही धावलो. वहिनी घरात स्वयंपाकाला होत्या आणि दीड वर्षाची भाची त्यांच्यापाशी झोपली होती.

मेंढरं वळवून परत आलो, तर भाची उठून घोंगडीवर येऊन बसलेली. तिच्या भोवती पंजे विखुरलेले, आणि ती खोकत होती. तोंड लाल झालं होतं. वहिनी आतून धावत आल्या, भावानं तिला उचलून पाठीवर थोपटलं. मी घाईघाईनं सगळं गोळा करून ट्रेत लावलं. एक खाच रिकामी राहिली, बोटं फाकलेल्या डाव्या पंजाची. घोंगडीवर हात फिरवला, आजूबाजूला पाहिलं. कुठं दिसेना.

"गिळला का काय तिनं?" भावानं विचारलं.

आईला घरी शोधायला ठेवून आम्ही गाडीत बसलो. आळेफाट्याच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता एरवी गप्पांत संपतो. त्या दिवशी गाडीत फक्त तिचा खोकला ऐकू येत होता. खोकला थांबला की वहिनी तिच्या नाकापाशी बोट धरून बघायच्या.

डॉक्टरांनी तिची छाती दोन्ही बाजूंनी नीट तपासली. "श्वास चांगला चाललाय," ते म्हणाले. "पण प्लॅस्टिक एक्स-रेत सहसा दिसत नाही. खरंच काही आत गेलं असेल, तर पुण्याला पाठवून दुर्बिणीनं बघावं लागेल. एवढ्या लहान लेकराला भूल द्यायची म्हणजे... वस्तू हरवलीय हे नक्की ना?"

"नक्की," मी म्हणाले.

तेवढ्यात आईचा फोन आला.

"घावला! घोंगडी झटकली तरी पडंना. लोकरीत अडाकला व्हता. काळ्यात काळा, दिसतोय कुठं!"

भाऊ घरी जायला उठलाच. पण माझं मन मानेना. काळे पंजे बरेच होते, आणि मी घाईत लावताना दुसराच एखादा खाली राहिला असेल, तिनं गिळलेला वेगळाच असेल तर? मी व्हिडिओ कॉल लावला. डॉक्टरही मागं येऊन उभे राहिले.

"आई, तो कॅमेऱ्यापुढं धर. बोटं मिटलीत का फाकलीत?"

"फाकल्यात."

"तळवा तुझ्याकडं कर. अंगठा कुठं आला?"

आईनं आधी स्वतःचा हात पुढं धरून पाहिला, मग पंजा. "माज्या डाव्या हातासारका हाय."

"आता ट्रेमधल्या रिकाम्या खाचेत बसव. दाबू नको, आपोआप बसला पाहिजे."

चष्मा नाकावर सावरत ती वाकली. नेम दोनदा हुकला. तिसऱ्यांदा तो पंजा खाचेत असा बसला की बाहेर काही डोकावेना. मी तिला फोन सावकाश सगळ्या ट्रेवरून फिरवायला लावला. एकही जागा मोकळी नव्हती. फिगरच्या अंगावरचे दोन्ही हातही जागेवर होते.

"सगळं आहे," मी डॉक्टरांना म्हणाले. "एकही भाग कमी नाही."

त्यांनी टॉर्च काढून भाचीचा घसा पाहिला. भाचीला सर्दी झाली होती, घसा लाल होता. तरी त्यांनी थोडा वेळ तिला समोर बसवून ठेवलं, पुन्हा छाती ऐकली आणि औषध लिहून दिलं. तोवर ती त्यांचा टॉर्च ओढायला लागली होती. वहिनींनी तिला छातीशी धरलं. आता पदर तोंडाला लावून रडल्या, आणि रडता रडता हसल्या.

घरी आलो तर खोकं माळ्यावर गेलेलं. आईनं नातीला घेतलं आणि तिचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले, जणू तिचेच हरवले होते.

"ताई, पर त्ये खरं हाय का खोटं?" भावाला आत्ता आठवलं.

"अंग, पंजे ओरिजिनल आहेत. तो दात-ओठ खाणारा चेहरा मात्र दुसऱ्याच कुठल्या तरी फिगरचा आहे. मानेवर नीट बसत नाही."

"मंजी मुंडकं डुप्लिकेट?"

आम्ही दोघं पोट धरून हसलो, गोष्ट तेवढी हसण्यासारखी नसताना. वहिनींनी पुन्हा तवा ठेवला. दुपारचं जेवण तसंच राहिलं होतं. दिवस कलायला लागला असताना आम्ही गरम भाकरी आणि पिठलं खाल्लं. वहिनींनी भाचीला मांडीवरून खाली ठेवलं नाही, एका हातानंच जेवल्या.