चौथा तक्ता

"काय आहे ते नको. काय दिसतं, ते सांगा."

आमचे ड्रॉइंग मास्तर हे वाक्य दिवसातून दहा वेळा तरी म्हणत. हातातला चित्राचा तक्ता समोरच्याच्या नाकाशी धरायचा आणि चष्म्यावरून त्याच्याकडे टक लावून बघायचं. दवाखान्याचा शिपाई, ताकवाली, पत्ता विचारायला आलेला वाटसरू, कुणाचीही सुटका नसे. मग तुम्हीच सांगा, अशा माणसाच्या वाटेला कोण जाईल?

तेव्हा मी ठाण्याच्या एका दवाखान्यात कारकून होतो. डॉक्टरसाहेबांनी गावोगावच्या सुइणींचा वर्ग काढला. एकीलाही अक्षर येत नव्हतं, म्हणून चित्रांवरून शिकवायचं ठरलं. विलायतेहून छापील तक्ते आले. पहिलाच तक्ता उलगडला, त्यात गरोदर बाईच्या पोटाचा उभा छेद होता. कोलशेतहून आलेली हिरूबाई उठून उभी राहिली.

"या बायचा डोका कोनी कापला?"

बाकीच्या बायांनी पदर तोंडाला लावले. वर्ग तिथंच आटोपला.

मग शाळेतून मास्तरांना बोलावलं. मास्तर जन्माचे ब्रह्मचारी. विषय ऐकून त्यांचे कान लाल झाले. पण त्यांनी काम घेतलं आणि आठवडाभर नुसते वर्गात मागे बसून राहिले. "आधी बघणारीची नजर कळू दे," म्हणाले. त्यांनी काढलेल्या बाईला डोकं होतं, नाकात नथ होती, लुगडं होतं. पोटातलं बाळ लुगड्यातून दिसावं तसं फिकट काढलं होतं. मागच्या खिडकीत मात्र हौसेनं एक पोपट काढला होता.

"काय दिसतं?"

"पोपट," सगळ्या एका सुरात म्हणाल्या.

मास्तरांनी पोपट खरवडून काढला. दोन दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. पण त्यानंतर एका तक्त्यावर एकच गोष्ट, असा नियम त्यांनी केला. पहिल्यात नखं कापलेले, धुतलेले हात. चौथ्यात पोटात आडवं आलेलं बाळ, बाहेर आलेला त्याचा इवलासा हात, आणि शेजारी डॉक्टरांकडे धावणारा माणूस. हात दिसला तर ओढायचा नाही, एवढंच त्यात सांगायचं होतं. समजावताना मास्तर भिंतीकडे तोंड करून बोलत, आणि सुइणी त्यांच्या पाठीकडे बघून हसत.

पुढच्याच वर्षी माझ्या बायकोचं बाळंतपण घरीच होतं. हिरूबाईला बोलावलं होतं. दुपारी ती एकदम ओटीवर आली.

"भाऊ, डॉक्टराला आना. चवथा तक्ता आयलाय."

त्या तक्त्यांना खळ लावून कापडावर डकवणारा मीच. मला आणखी काही सांगावं लागलं नाही. पायात वहाणाही न घालता धावलो. डॉक्टरांनी बाळ आतल्या आत फिरवून पायाकडून काढलं. निळसर पडलेला मुलगा बऱ्याच वेळानं रडला. आई वाचली.

दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन मास्तरांकडे गेलो. हिरूबाईही माझ्यासोबत आली होती. पेढा हातातच धरून त्यांनी तिला विचारलं, "तुला नेमकं काय दिसलं?"

"हात दिसला. पन तुमी मूठ मिटलेली काढलीव. आमच्या पोराची बोटा उघडी व्हती."

मास्तर एकदम वळले, चष्मा पुसायला लागले. मग पेढा तसाच टेबलावर ठेवून त्यांनी चौथा तक्ता उलगडला आणि बोटं उघडायला बसले.

पेन्शन झाल्यावर ते भावाकडे खडवलीला गेले. तिथं फार दिवस राहिले नाहीत. वर्षभरातच ते वारल्याचं पत्र आलं.

मला आठवतात ते खडवलीला निघालेले, स्टेशनावर गाडीत बसलेले मास्तर. सात-आठ सुइणी पोचवायला आल्या होत्या. गाडी सुटायच्या बेतात हिरूबाईनं खिडकीतून एक पुडकं आत दिलं. सुके बोंबील! मास्तरांनी जन्मात कधी मासळी चाखली नव्हती. डब्यातले दोघे-तिघे नाकाला रुमाल लावून सरकून बसले. गाडी हलली, तेव्हा मास्तरांनी ते पुडकं मांडीवर घेतलं होतं, दोन्ही हातांनी सांभाळून, तान्हं मूल धरतात तसं.