काटा चार हजारांच्या आत

ज्या दिवशी माणसाचं गाडी चालवण्याचं लायसन्स संपतं, नेमकं त्याच दिवशी त्याच्या हातात बसचा पास ठेवून तुम्ही कधी हसला आहात का? आम्ही हसलो. एकोणीस जण, गोल मांडलेल्या खुर्च्यांवर, मांडीवर केकच्या बशा घेऊन. आणि ती कल्पना माझी होती. तेव्हा नाक मुरडायचंच असेल तर माझ्याकडे बघून मुरडा.

विब्रेन होकेमा. समुद्राकाठच्या हार्लिंगन गावच्या बस डेपोत एकेचाळीस वर्षं ड्रायव्हर. मी त्याच डेपोत बसगाड्या धुवायची आणि पुढं युनियन चालवायला लागले. शाळा सातवीत सुटली, कायदा मी संपात उभी राहून शिकले. मोठ्या संपाच्या सकाळी आम्ही सगळ्या बसगाड्या फाटकाच्या आत रोखून धरल्या होत्या. हा एकटा गाडी सुरू करून फाटकाशी आला. मी समोर उभी.

"विब्रेन, माझ्या अंगावरून नेणार आहेस का?"

त्यानं खिडकी सरकवली आणि मनगटावरचं घड्याळ दाखवलं. "सहा बाराची फेरी आहे, त्रीन."

मी बाजूला झाले. ते मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही, आणि त्याला तर मुळीच नाही. त्यानंतर अकरा वर्षं डेपोत त्याच्याशी कोणी बोललं नाही. तो कॉफीच्या टेबलावर येऊन बसला की टेबल रिकामं व्हायचं. तो शांतपणे डबा उघडायचा, चीजचं सँडविच खायचा आणि टेबल पुसून जायचा. निवृत्त झाला त्या दिवशी त्याच्या लॉकरच्या कडीला कोणीतरी मेलेला मासा टांगला होता. कोणी, ते मला माहीत आहे.

या माणसाला एकच नाद होता. बाप गेल्यावर वाट्याला आलेलं कुरण त्यानं विकलं आणि इटलीत एका दोन सीटच्या स्पोर्ट्स कारची नोंदणी केली. गाडी कारखान्यातून स्वतः घ्यायची आणि आल्प्स ओलांडून घरी आणायची. दोन वर्षांत देतो म्हणाले, चार लावली. तेवढ्यात त्याच्या नजरेच्या मधोमध डाग पडला. कडेचं दिसायचं, समोरचं पुसट. डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगून टाकलं, पंच्याहत्तरी भरली की लायसन्सला माझी सही लागेल आणि ती मिळणार नाही. गाडी तयार असल्याचं पत्र आलं, ताबा जूनमधल्या एका सोमवारी. पंच्याहत्तरी त्याच आठवड्यातल्या गुरुवारी.

निवृत्तीनंतर कितीतरी वर्षांनी तो माझ्या दारात उभा राहिला. टोपी हातात.

"माझ्याबरोबर येशील का?"

"मी? रिक्स्टला ने की. बायको आहे तुझी."

"ती म्हणते, मरायचं असेल तर एकटा मर."

"मग मी कशाला?"

"डॅशबोर्डवरचा काटा मला दिसत नाही. तो वाचून दाखवायला कोणीतरी हवं. आणि समोर काही आलं तर ओरडायला. तुझ्याइतकं मोठ्यानं ओरडणारं दुसरं कोणी मला माहीत नाही."

मी हो म्हटलं. दया वगैरे काही नव्हती. अकरा वर्षं ज्याच्याकडे पाठ फिरवली, त्याची फजिती शेजारच्या सीटवरून बघायला मिळत असेल तर मी सोडणार होते थोडीच! उलट, रिक्स्टनं वाढदिवसाला डेपोतल्या सगळ्यांना बोलावलंय असं कळल्यावर निघण्याआधी मीच सगळ्यांना गाठलं. म्हटलं, जायचं. आणि भेट काय द्यायची तेही सांगितलं. सिक्के नावाचा आमचा म्हातारा ड्रायव्हर हसून हसून खोकायला लागला.

आता काट्याचं सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. नवं इंजिन रुळेपर्यंत, म्हणजे पहिले पंधराशे किलोमीटर, त्याचे फेरे मिनिटाला चार हजारांच्या वर न्यायचे नाहीत, हा कारखान्याचा नियम. विब्रेननं अख्ख्या प्रवासाचं वेळापत्रक बनवलं होतं, अगदी बसचं असतं तसं, रकाने आखून. थांबे, वेळा, किलोमीटर. मधे मुद्दाम वळसे घातले होते, जेणेकरून शेवटची ओळ नीट जुळावी: गुरुवार, १५:४०, मोठ्या बांधाचं तोंड, १५०० पूर्ण. तिथून पुढं बत्तीस किलोमीटरचा सरळ बांध, एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला गोडं. तिथं दुसऱ्या गिअरमध्ये, वेगाची मर्यादा पाळून, इंजिन पहिल्यांदा पूर्ण मोकळं सोडायचं. बत्तीस किलोमीटर. मग घर, मग चावी खुंटीला. चार वर्षं हा माणूस त्या बत्तीस किलोमीटरसाठी थांबला होता.

कारखान्यात ओर्नेला नावाच्या पोरीनं गाडीवरची चादर ओढली. गडद हिरवी गाडी. तिनं पाठ केलेलं भराभर म्हणायला सुरुवात केली. विब्रेन खिशातल्या डायरीत एकेक मुद्दा उतरवत होता, डोळ्याच्या कोपऱ्यातून कागद बघत, मान वाकडी करून. पुढचं गिऱ्हाईक काचेपलीकडे ताटकळत होतं.

"चार हजारांच्या वर नाही, सर. पंधराशेपर्यंत."

"एक विचारायचं होतं," विब्रेन म्हणाला. "ते उताराला—"

"अरे, झालं ना आता!" मी म्हणाले. उकाड्यानं माझा जीव चालला होता. "चार हजार म्हणजे चार हजार. चल!"

त्यानं डायरी मिटली.

मंगळवारी घाटाला लागलो. वर जाताना मी काटा वाचायची. "तीन दोनशे... तीन आठशे... चार!" की हा लगेच पाय उचलायचा. मोटारसायकलवाले जर्मन हॉर्न वाजवत गेले. चाकांवरचं घर घेऊन चाललेलं एक कुटुंब आम्हाला ओलांडून गेलं आणि मागच्या खिडकीतून पोरांनी जिभा दाखवल्या. मग एक बाई सायकलवरून पुढं गेली.

"विब्रेन, अरे सायकल! साठीची असेल ती!"

"काटा किती?"

"तीन सहाशे. तू बसच आणायची होतीस. निदान तिकिटं तरी फाडली असती."

"पंधराशेनंतर," तो म्हणाला. दर टोमण्याला हेच उत्तर. मला वाटतं, एकेचाळीस वर्षं तो आम्हाला हेच उत्तर देत होता.

घाटमाथ्यावर बर्फाच्या भिंती होत्या. त्यानं पाच मिनिटं थांबायचं ठरवलं होतं, पाचच थांबला. मग उतार. अठ्ठेचाळीस वळणं, प्रत्येकावर आकड्याचा दगड. आमच्या मुलखात सगळ्यात उंच चढ म्हणजे कालव्यावरचा पूल. उतारावर खालचा गिअर टाकला की इंजिनाचे फेरे वाढतात हे त्याला ठाऊक होतं, म्हणूनच त्यानं तो टाकला नाही. पाचव्या गिअरमध्ये, पाय ब्रेकवर. काटा दोन हजारांच्याही खाली. मला तर वाचायलाच काही उरलं नव्हतं, मी डोंगर बघत बसले.

विसाव्या वळणावर जळकट वास आला.

"पुढच्या गाडीचा आहे," विब्रेन म्हणाला.

पुढं गाडीच नव्हती.

एकतिसाव्या वळणावर त्यानं ब्रेक दाबला आणि पाय सरळ तळाला टेकला. पुन्हा दाबला. पुन्हा. पुढच्या चाकांतून धूर येत होता, वळण समोर आणि त्यापलीकडे नुसती हवा. मी ओरडले. ज्यासाठी मला आणलं होतं ते काम मी चोख केलं. "ब्रेक! विब्रेन, ब्रेक!"

त्याचा हात गिअरवर गेला. तिसरा. दुसरा. पहिला.

तो आवाज मी कसा सांगू? गाडी किंचाळली असं म्हणाल, तर ते भीतीचं किंचाळणं नव्हतं. एवढा वेळ दाबून ठेवलेला कोणीतरी तोंड उघडून बोलायला लागला, असं ते होतं. माझी मान पुढं फेकली गेली, मी डोळे गच्च मिटले. गाडीची डावी बाजू कठड्याच्या दगडांवर खरवडत गेली, खडीत घुसली, थांबली.

डोळे उघडले तेव्हा विब्रेन स्टिअरिंग धरून बसला होता आणि हसत होता. मी त्याला आधी कधी हसताना पाहिलं नव्हतं.

"किती?" त्यानं विचारलं. "काटा किती झाला होता?"

"मी डोळे मिटले होते."

त्याचं हसू गेलं. "एवढंच काम दिलं होतं तुला," तो हळूच म्हणाला.

खालच्या गावातल्या गॅरेजवाल्यानं, त्याचं नाव अलॉइस, चाक काढलं आणि शीळ घातली.

"आजोबा, कितव्या गिअरमध्ये उतरत होतात?"

"पाचव्या."

अलॉइसनं मागं वळून भावाला हाक मारली, "अरे ये, ये! हे बघ, पाचव्यात!" दोघं मांड्यांवर थापा मारून हसले. "सपाट देशातली माणसं आहेत म्हणून आमची चूल पेटते बघा!"

"नवं इंजिन आहे," विब्रेन म्हणाला. "चार हजारांच्या आत ठेवायचं होतं."

"अहो, ते जोर देताना! चढाला, सपाटीला. उताराला इंजिन नुसतं गरगरतं, त्याला भार कसला? तिथं सहा हजार झाले असते तरी त्याचं काही बिघडलं नसतं. ओरडू द्यायचं असतं त्याला. कोणी सांगितलं नाही?"

विब्रेननं खिशातून डायरी काढली. ओर्नेलाच्या मुद्द्यांखाली एक ओळ होती, 'उतारालाही?' आणि पुढं जागा कोरी. त्यानं पेन काढून मान वाकडी करून तिथं लिहिलं, 'नाही.' माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर मी भांडले असते, आणि मला बरं वाटलं असतं.

ब्रेकचे भाग यायला दहा दिवस लागणार होते. विमावाल्यांनी ट्रक पाठवला. त्यावर बांधाअलीकडच्या होर्न गावी उतरवायची आणखी एक गाडी होती, म्हणून ट्रक बांधावरून गेला. नाहीतर गेला नसता. गुरुवार दुपार. ट्रकवाला आणि मी यांच्यामधे विब्रेन अंग चोरून बसलेला, मांडीवर वेळापत्रक. मागं हिरवी गाडी पट्ट्यांनी बांधलेली. बांधाच्या तोंडाशी त्यानं घड्याळ डोळ्याच्या कडेला धरलं.

"पंधरा बावन्न," तो म्हणाला. "बारा मिनिटं उशीर."

बत्तीस किलोमीटर त्याचं बोट वेळापत्रकाच्या शेवटच्या ओळीवर होतं. ट्रकवाल्यानं रेडिओ मोठा केला.

आमच्याकडे खिडक्यांना पडदे ओढत नाहीत, त्यामुळे ट्रक गल्लीत शिरला तो सगळ्यांनी आतूनच पाहिला. गोल मांडलेल्या खुर्च्या, अठरा माणसं. आम्ही आत गेलो तसे सगळे उठून, आमच्या रीतीप्रमाणे, रिक्स्टला आणि त्याला शुभेच्छा देत हात मिळवू लागले. सिक्के म्हणाला, "रिक्स्ट, अभिनंदन! नवरा गाडीखाली न जाता गाडी घेऊन आला!" रिक्स्ट म्हणाली, "घेऊन कुठं, लादून आणलंय दोघांना." हशा.

मग पाकीट. विब्रेननं ते उघडलं, कार्ड डोळ्याच्या कडेला नेलं, फिरवून पाहिलं. ज्येष्ठ नागरिक, सर्व मार्ग, एक वर्ष.

"सहा बाराची पकड रे!" कोणीतरी ओरडलं.

खोली फुटली. सिक्केच्या हातातली बशी खाली पडली. मला वाटलं, मी हसणार नाही. तीन दिवस मी त्याच्या शेजारी बसले होते, तो आवाज मी ऐकला होता. पण सगळे हसत होते, आणि मी त्यांची नेता आहे. मी हसले. सगळ्यांत मोठ्यानं.

विब्रेननं कार्ड वरच्या खिशात ठेवलं. "धन्यवाद," तो म्हणाला. "लागेलच मला." आणि केक संपवला. बशी स्वतः धुवून ठेवली.

गाडी सप्टेंबरात दुरुस्त झाली. रिक्स्टनं त्याच आठवड्यात विकली. कोणाला, विचारलं तर म्हणते, "मिशीवाला होता कोणी, नाव कशाला लिहून ठेवू?" मीटरवर तीनशे बासष्ट किलोमीटर होते. विब्रेन आता दर गुरुवारी आम्ही दिलेल्या पासवर बसनं बांधापर्यंत जातो. थांब्यावरच्या बाकावर पंधरा चाळीसला बसतो आणि पुढच्या बसनं परत येतो. समोरचा रस्ता त्याला दिसत नाही. मी एकदा शेजारी जाऊन बसले, तर तो उठून दुसऱ्या बाकावर गेला. ते तो आमच्याकडूनच शिकला.

मिशीवाल्या, हे तुझ्यासाठी लिहिलंय. गाडी गडद हिरवी, डाव्या दारावर नवा रंग किंचित वेगळा दिसेल, त्यावरून ओळख. एका गुरुवारी दुपारी पावणेचारला ती बांधावर आण. दुसरा गिअर टाक, काटा जिथवर जाईल तिथवर जाऊ दे आणि त्या बाकासमोरून जा. थांबू नकोस, हात करू नकोस, त्याला दिसणार नाही. फक्त काट्यावर नजर ठेव, आणि आकडा मला कळव.