गॅलरीतली ऊब

“आणि टोपी! टोपीसुद्धा!” मुलाने बायकोच्या डोक्यावरची लोकरी टोपी केसांसकट ओढून काढली. “काल रात्री हिला गॅलरीत काढली ती काय हवा खायला? सकाळी दार उघडतो तर बाईसाहेब घोरतायत. अख्खी रात्र बाहेर, आणि घोरतायत!”

“मी घोरत नाही,” सून म्हणाली.

“तू तोंड बंद ठेव. मी आईशी बोलतोय.”

आई गॅसपाशी उभी होती. चहा उतू जाऊन बर्नरवर चरचरत होता, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. ती बघत होती गॅलरीच्या दारात पडलेल्या निळ्या स्लीपिंग बॅगेकडे. बॅगेखाली फोमची मॅट, कडेला स्टीलची बाटली. रात्री उकळतं पाणी भरलेली ती बाटली सकाळपर्यंत कोमट राहते, हे तिनेच सुनेला सांगितलं होतं.

“ही बॅग तुझ्या दुकानातली आहे,” मुलगा म्हणाला. “नाही म्हणू नकोस. झिप लाल दोऱ्याने शिवलीय. माझं दप्तर, माझे शाळेचे शर्ट, सगळं तू लाल दोऱ्यानेच शिवायचीस. तुझे टाके मला कळत नाहीत होय?”

“मीच आणली,” आई म्हणाली.

“माझ्या गॅलरीत?”

घर नवऱ्यामागे आईच्या नावावर झालं होतं. पण ‘माझ्या’ हा शब्द त्या घरात पुरुषच वापरत आले होते, आणि तिने कधी तो दुरुस्त केला नव्हता.

डोंगरावर जाणारी पोरंपोरी तिला तंबूमावशी म्हणत. तंबू, मॅट, स्लीपिंग बॅगा भाड्याने देणाऱ्या दुकानात मागच्या खोलीत तिची जागा होती. परत आलेल्या बॅगा ती धुवायची, वाळवायची, आत गोळा झालेली पिसं बोटांनी चिमटून मोकळी करायची. फाटलेलं शिवायची. पण गिऱ्हाईक काउंटरवर न थांबता पडद्यामागे यायचं. मावशी, बर्फ पडणार म्हणतात, आणि ओझं तर उचलवत नाही, काय नेऊ?

“पांघरुणाचा विचार नंतर कर,” ती सांगायची. “आधी अंगाखाली काय घालणार ते सांग. जमीन पाठीतून सगळी ऊब पिऊन टाकते. झोपताना पायात कोरडे मोजे. दिवसभर चाललेले नाहीत, वेगळे ठेवलेले. तोंड बॅगेत घालायचं नाही, श्वासाने आतून ओल येते. पोटभर खाऊन झोपायचं. आणि लघवीला जाऊन यायचं, कंटाळा करायचा नाही.”

पोरं हसायची. एकदा दुकानदाराने विचारलं, “मावशी, खरं सांगा, किती शिखरं केलीत तुम्ही?”

“एकच. तिसऱ्या मजल्याचं.”

त्याला वाटलं, बाई थट्टा करतेय.

ती थट्टा नव्हती. नवरा वखारीत लाकूड कापायचा, हाताचा जड होता. मारून दमला की तिला गॅलरीत ढकलायचा आणि आतून कडी लावायचा. एकदा हिवाळ्यात आधी तिच्या अंगावर बादलीभर पाणी ओतलं, मग ढकललं. त्या रात्री ती शिकली की ओले कपडे अंगावर ठेवण्यापेक्षा अंगावर काही नसलेलं बरं. रद्दीचे कागद चुरगाळून छातीशी, पाठीशी, मांड्यांशी कोंबायचे. पुठ्ठ्यावर बसायचं, फरशीवर नाही. मुलगा तेव्हा लहान होता. काचेला नाक लावून उभा राहायचा. त्याच्या श्वासाने काच धुरकट व्हायची, मग तो बोटाने पुसून पुन्हा बघायचा. पुढे पुढे त्याने यायचं बंद केलं. कडी वाजली की कूस बदलून झोपायचा.

नवरा गेला. मुलगा मोठा झाला, मालाची व्हॅन चालवू लागला, लग्न झालं. सून बेकरीत पाव भाजायची, बोलायला फटकळ, हसायला मोकळी. पहिल्याच हिवाळ्यात एका रात्री आईने आपल्या खोलीत पडल्या पडल्या कडीचा आवाज ऐकला. तोच आवाज, तसाच, आधी घासल्यासारखा आणि मग ठक्क.

ती उठली नाही. डोळे उघडे ठेवून पडून राहिली आणि विचार केला तो मॅटचा. पातळ, गुंडाळली की काखेत मावणारी. दुसऱ्या दिवशी ती घेऊन आली. मग झिप गेलेली, कोणी भाड्याने नेणार नाही अशी पिसांची बॅग दुकानदाराकडून मागून आणली. साबणाच्या पावडरीचा मोठा रिकामा डबा गॅलरीतल्या वॉशिंग मशीनमागे होता, त्यात दोन्ही मावत. मुलगा व्हॅन घेऊन गेला की दुपारी दोघी गॅलरीत सराव करायच्या. बॅग कशी गुडघ्याने दाबून हवा काढायची, पहाटे आतल्या पावलांची चाहूल लागताच कशी डब्यात कोंबायची.

“आई, ही बघा, डब्यात शिरली! चोरीचा माल लपवायला तुम्ही एकदम कामाच्या आहात,” सून खिदळायची.

“दात नंतर काढ. झाकण लाव.”

दोघींना वाटायचं, आपण त्याला बनवलं. दोन हिवाळे त्याला पत्ता लागला नाही. आज लागला, कारण सून इतकी उबेत होती की तिला गाढ झोप लागली.

“म्हणजे मी इथे हिला धडा शिकवतोय,” मुलगा म्हणाला, “आणि तू मागून दुलया पुरवतेस.”

“कसला धडा रे?” सून उसळली. “भाजीत मीठ कमी पडलं त्याचा? की तुझ्या दोस्तासमोर हसले त्याचा?”

त्याने ओट्यावरची पाव कापायची सुरी उचलली. आई एक पाऊल पुढे आली. पण तो बॅगेवर बसला. सुरी खुपसली आणि वरपासून खालपर्यंत फाडत नेली. पांढरी पिसं भसकन वर उडाली, चहात पडली, त्याच्या मिशीला लागली. सून बॅग ओढायला धावली. त्याने सुरी टाकली, तिचा हात पाठीमागे पिरगळला आणि तिला वॉशिंग मशीनवर आदळलं. तिचा ओठ फाटला. खाली बसली तेव्हा हनुवटीवरच्या रक्ताला पिसं चिकटली होती.

“सोड तिला,” आई म्हणाली.

“बाबा हेच करायचे ना? तू मेलीस? चांगली ठणठणीत आहेस. दुकानात मावशी मावशी म्हणून मिरवतेस.” तो धापा टाकत होता. “आज रात्री परत जायचं हिने बाहेर. बॅग नाही, टोपी नाही, पायात मोजेसुद्धा नाहीत. बघू मग कशी घोरते.”

आईचे हात चालायला लागले. ओट्याखाली रद्दी होती. तिने गठ्ठा बाहेर ओढला. फ्रिजमागे पुठ्ठा आहे, तो मशीनखाली सरकवता येईल. रद्दी बादलीत, वर फडकं टाकून. रात्रीच्या जेवणात हिला लोणी जास्त वाढायचं...

मग तिने आपल्या हातांकडे पाहिलं. गठ्ठ्याची सुतळी अर्धी सुटली होती.

तिने रद्दी तिथेच सोडली. खणातून हातोडी काढली आणि गॅलरीच्या दाराशी गेली.

“काय करतेस?”

तिने कडीवर पहिला घाव घातला. दाराची काच थरथरली.

“आई, दार मोडशील! वेड लागलं का तुला?” त्याने येऊन कडीवर पंजा ठेवला.

“हात काढ.”

“नाही काढत. मार बघू.”

तो हसत होता. बापासारखंच, एका बाजूने. तिने मारला. बोटाचं हाड मोडल्याचा आवाज बारीक होता, वाळकी काडी मोडावी तसा. तो गुरासारखा ओरडला आणि दुसऱ्या हाताने तिच्या कानाखाली अशी लगावली की तिचा चष्मा सिंकमध्ये जाऊन पडला. ती भिंतीवर आपटली, पण हातोडी सुटली नाही. याहून जड हाताचा मार तिने खाल्ला होता. ती वळली. तो हातोडीकडे बघत मागे सरकला आणि स्टुलावर बसला, बोट पोटाशी धरून.

ती पुन्हा दाराकडे वळली. चष्म्याशिवाय धड दिसत नव्हतं, म्हणून काही घाव लाकडावर बसले, एक काचेवर. काच तडकली. शेवटी स्क्रू उपटून आले आणि कडी लोंबायला लागली. ती तिने ओढून काढली, खिडकी उघडली आणि खाली कचऱ्याच्या पिंपाच्या दिशेने फेकली. खाली कोणीतरी “अहो, काय चाललंय?” म्हणून ओरडलं.

“माझं बोट तोडलंस तू,” मुलगा म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. “पोटच्या पोराचं.”

“दवाखाना कोपऱ्यावर आहे. पट्टी बांधून घे.”

सून उठली. सिंकमधून चष्मा काढला, ओढणीने पुसला आणि सासूच्या नाकावर बसवला. एक काच फुटली होती. मग तिने जमिनीवरची सुरी उचलून खणात ठेवली आणि खणाला पाठ लावून उभी राहिली.

आईने फाटक्या बॅगेखालून मॅट ओढली. पिसं झटकली, घट्ट गुंडाळली, पट्टा लावला. मुलाच्या पायाशी ठेवली.

“हे काय?”

“मॅट. घेऊन जा.”

“कुठे जाऊ? बाहेर थंडी बघितलीस का?”

“व्हॅनमध्ये झोप. आधी खाली ही घाल, मग पांघरुणाचं बघ.”

तो सुनेकडे वळला. “सांग की तिला काहीतरी!”  सुनेने ओठावरचं एक पीस काढायला हात वर केला, आणि तो बघत असतानाच ते काढून खाली टाकलं.

आईने गॅस बंद केला. करपलेलं चहाचं भांडं सिंकमध्ये ठेवलं, त्यात पाणी सोडलं, हात पुसले.

“संध्याकाळी दुकानातून येताना मी कुलूपवाल्याला घेऊन येणार आहे,” ती म्हणाली. “बाहेरच्या दाराचं कुलूप बदलायचंय. किल्ल्या दोनच करायला सांगणार आहे. एक माझी, एक हिची.”